रिंगमास्तर

अटलांटात रविवारी सकाळी मराठी माणूस सापडण्याच्या जागा ठरलेल्या आहेत: मंडळाची मीटिंग, कॉस्टको, नाहीतर मुलांच्या सॉकरचं मैदान. आमचे रिंगमास्तर सापडतात व्हाइट ओकच्या बुंध्याशी. डोक्याला हेल्मेट, कमरेला हार्नेस, मान मागे टाकून नजर साठ फुटांवरच्या एका फांदीवर. नवख्या माणसाला वाटतं, आता चढणार. जुनी माणसं डबा उघडतात.

हौसेने दोरीवरून झाडं चढायच्या छंदाचं माहेर म्हणजे हेच शहर. आधी खडक चढणाऱ्या आणि पुढे झाडांची निगा राखणाऱ्या पीटर जेंकिन्स यांनी १९८३ मध्ये इथे ‘ट्री क्लाइंबर्स इंटरनॅशनल’ काढली आणि साध्यासुध्या माणसांना दोरीवर लटकायला शिकवलं. रिंगमास्तरही हे सगळं रीतसर शिकले आहेत. त्यातला चढण्याचा भाग तेवढा त्यांना गौण वाटतो.

त्यांचा जीव अडकलाय तो फ्रिक्शन सेव्हरमध्ये. झाड चढताना दोरी फांदीवरून टाकतात, एक पदर कमरेला बांधतात आणि दुसऱ्या पदरावर पकड घेणारी गाठ सरकवत स्वतःला वर ओढतात. म्हणजे दोरी सारखी फांदीवर घासणार. बीचसारख्या पातळ सालीच्या झाडाची साल तिने सोलली जाते आणि खालचा कॅम्बियमचा थर, ज्याच्यामुळे खोड जाड होतं, तो जखमी होतो. दोरी झिजते ती वेगळी, आणि ओढणाऱ्याचे खांदे भरून येतात ते आणखी वेगळे. यावर उपाय म्हणजे एक मजबूत पट्टा, त्याच्या एका टोकाला मोठी कडी, दुसऱ्या टोकाला लहान. पट्टा फांदीवर बसतो आणि दोरी कड्यांतून पळते.

खरी अक्कल कड्यांच्या मापात आहे. खाली उतरल्यावर दोरीच्या एका टोकाला छोटा गोळा लावायचा आणि दुसरं टोक ओढायचं. गोळा मोठ्या कडीतून आरपार जातो, लहान कडीत अडकतो, आणि तिला धरून अख्खा पट्टा फांदीवरून खाली ओढून आणतो.

“म्हणजे तो काढायला वर कोणी जायलाच नको!” हे सांगताना रिंगमास्तरांचा चेहरा असा उजळतो, की हा मनुष्य झाडावर चढायला आलाय हे आपण विसरतो. तेही विसरलेले असतात.

लावण्याचा विधी मोठा. साडेतीनशे ग्रॅमची थ्रोबॅग दोन पायांमधून झुलवून ते “सांभाळून!” असं मराठीत ओरडतात. ग्रुपमधल्या अमेरिकनांना एवढा एक मराठी शब्द पक्का येतो. पिशवी बारीक दोरी घेऊन वर जाते आणि भलत्याच बेचक्यातून खाली येते. मग पुन्हा. फांदी मिळाली तर ती मनगटाएवढी निघते, म्हणून बाद. चांगली जाड मिळाली तर तिच्यावर कुठेतरी वाळकी ढलपी दिसते, म्हणून तीही बाद. शेवटी एक फांदी पसंत पडते. मग मोठी कडी पलीकडे जावी, लहान अलीकडे राहावी आणि मध्ये पट्ट्याला पीळ पडू नये यासाठी दोन्हीकडून दोऱ्या ओढण्याची कवायत सुरू होते. तोवर बाकीचे वर जाऊन झोळ्या टांगून झोपलेलेसुद्धा असतात.

पोरंसोरं आता एकपदरी पद्धतीने चढतात. दोरी बुंध्याला बांधून पक्की केलेली असते, माणूस तिच्यावरून वर सरकतो. दोरी जागची हलत नाही, त्यामुळे त्या कामासाठी कड्यांची गरज पडत नाही. रिंगमास्तर त्यांच्याकडे, पत्रिका न बघता लग्न करणाऱ्यांकडे वडीलमंडळी बघतात, तसे बघतात.

हा स्वभाव झाडापुरता नाही. शिरण्याआधी बाहेर पडायची वाट पाहिल्याशिवाय त्यांना चैन पडत नाही. गाडी नेहमी तोंड रस्त्याकडे करून लावतात. मिक्सरचं थर्माकोल वॉरंटी संपून गेली तरी माळ्यावर असतं. कोणाकडे जेवायला जायचं तर लवकर निघण्याचं कारण घरून ठरवून नेतात आणि मग सगळ्यात शेवटी निघतात. अमेरिकेत ‘दोन-तीन वर्षांसाठी’ आले. घर घेतलं तेही विकायला सोपं पडेल असं. आता मुलगी कॉलेज संपवून नोकरीला लागली. परतीचा गोळा केव्हाचा बांधून तयार आहे, फक्त ओढायचं राहिलंय.

परवा मात्र प्रसंग आला. गोळा दुसऱ्या बॅगेत राहिला म्हणून त्यांनी दोरीलाच गाठ मारली आणि ती जरा दणदणीत मारली. गाठ मोठ्या कडीतूनच जाईना. ओढावं तशी कडी फांदीत आणखी रुतली. आता वर जाणं आलं. पण वर जायचं तर साधी दोरी सालीवर घासणार! हे तत्त्वात बसेना. मग पहिला सेव्हर काढण्यासाठी दुसरा लावायचं ठरलं. अर्ध्या-पाऊण तासाने तो सुंदर बसला. आम्ही म्हटलं, जा आता. तर म्हणाले, “आधी हा निघतोय का ते बघू.”

घाईत गोळा भलत्या टोकाला लागला, लहान कडीशी आधी पोचला आणि तिथेच ठाण मांडून बसला. वर दोन सेव्हर, खाली एक रिंगमास्तर.

त्यांच्या आई देवगडहून सहा महिन्यांसाठी आल्या आहेत. त्या घडीच्या खुर्चीत बसून हे पाहत होत्या. सेव्हर उतरताना धाडकन पडून कडीला खोच येऊ नये, म्हणून गोळ्याच्या मागे एक बारीक दोरी बांधतात आणि ती हळूहळू सोडतात. ती दोरी सकाळपासून त्यांच्या हातात दिलेली होती.

“काय रे, आपला पाडेली पायात दोरीचा फास घालून माडावर जायचा. तू चहा मागेपर्यंत नारळ खाली.”

“आई, माडाला फांदी नसते आणि कॅम्बियमही नसतो. म्हणून त्याची जखम कधी भरत नाही. पाय ठेवायला पाडलेली खाच माड असेपर्यंत तशीच राहते. केवढं क्रौर्य ते!”

“त्या खाचांवरूनच तुझी इंजिनिअरिंगची फी खाली आली.”

रिंगमास्तरांनी हेल्मेटचा पट्टा उगाच घट्ट केला.

शेवटी ग्रुपमधली एक मुलगी, एरवी पोटासाठीच झाडं छाटणारी, आपल्या एकपदरी दोरीवरून सरसर वर गेली आणि दोन्ही सेव्हर कमरेला लटकवून खाली आली. रिंगमास्तरांनी तिचे मनापासून आभार मानले, खिशातून भिंग काढलं आणि कड्यांवर ओरखडा शोधायला बसले. खडबडीत कडी दोरी खाते, यात त्यांचं काही चूक नाही. पण मुलगी अजून समोर उभी होती.

“पुढच्या रविवारी मला आणू नकोस,” खुर्चीची घडी घालत आई म्हणाल्या. “आणि आणणारच असशील, तर चढून घे आणि मग घरून निघू.”

गाडीत बसल्यावर रिंगमास्तर बराच वेळ गप्प होते. मग वहिनींना विचारलं, “अगं, आपल्या अंगणातल्या मेपलची ती डावीकडची फांदी, ती साधारण किती जाड असेल?”

“अहो, गाडी सुरू करा,” वहिनी म्हणाल्या.