ज्याची त्याची एक तारीख

तुळजापुरात आई भवानी वर्षातून तीनदा निद्रा घेते: घोरनिद्रा, श्रमनिद्रा, मोहनिद्रा. मूर्ती पलंगावर निजवतात, ठरल्या तिथीला पुन्हा सिंहासनावर बसवतात, आणि जागी झाल्याचा पुरावा तिच्याकडे कुणी मागत नाही. माणसांना ती सवलत नाही. कोजागरीची गर्दी पांगते न पांगते तोच नोव्हेंबर लागतो आणि गावातले म्हातारे पेन्शनसाठी हयातीचा दाखला द्यायला निघतात. आता मोबाइलपुढे चेहरा धरून पापण्या मिटल्या-उघडल्या की माणूस जिवंत ठरतो. आमच्या शेजारच्या मास्तरांना ऑनलाइन सेंटरवरचा पोरगा म्हणाला, “गुरुजी, डोळे मिचकवा.” याच गोष्टीसाठी गुरुजींनी उभ्या नोकरीत कितीजणांना छड्या मारल्या असतील!

दाखल्यापुरते सगळे सारखेच जिवंत. फरक पडतो तो एक तारखेला.

मास्तर जिल्हा परिषदेचे, जुन्या पेन्शनचे. शेवटच्या पगाराच्या निम्मं, वर जानेवारी-जुलैचा महागाई भत्ता. तूरडाळ चढली की ते सरकारला शिव्या देतात, पण पोटभर जेवून. त्यांच्या सूनबाईही शिक्षिका. तोच खडू, तीच निवडणूक ड्यूटी. पण राज्याने 1 नोव्हेंबर 2005 पासून लागलेल्यांना जुनी पेन्शन बंद केली, आणि त्या त्यानंतरच्या. त्या वर्षी नेमकं त्याच दिवशी लक्ष्मीपूजन होतं. मुहूर्त काढणाऱ्याला दाद द्यावी.

मास्तरांचे मित्र अण्णा एसटीत कंडक्टर होते. त्यांची पेन्शन ईपीएस-95ची, म्हणजे प्रॉव्हिडंट फंडवाल्यांची. हिशेब सोपा: पगार गुणिले नोकरीची वर्षं भागिले सत्तर. मात्र पगार खरा धरायचा नाही, मर्यादेचा धरायचा. सप्टेंबर 2014 पर्यंत ती मर्यादा साडेसहा हजार होती, आणि अण्णा त्याच्या बरेच आधी निवृत्त झाले. हातात पडतात तीन हजारांच्या आत. महागाई भत्ता नाही. पेन्शन बसली ती बसलीच, उठायचं नाव नाही. 2014 मध्ये सरकारने किमान पेन्शन हजार रुपये केली. मार्च 2023 मध्ये घरगुती सिलिंडर अकराशेवर गेला, तेव्हाही ती हजारच होती. म्हणजे महिन्याची किमान पेन्शन घेऊन गेलेल्या माणसाला दुकानदाराने सिलिंडर उधार द्यायचा. त्याच महिन्यात ‘एकच मिशन, जुनी पेन्शन’चा संप झाला. सूनबाई मोर्चाला निघाल्या तेव्हा अण्णा म्हणाले, “पोरी, आमच्या नावानं बी एक घोषणा दे की.” बुलढाण्यात त्यांच्यासारख्यांनी डिसेंबर 2018 मध्ये साखळी उपोषण धरलं होतं, साडेसात हजार आणि महागाई भत्त्यासाठी. उपाशीपोटी गोळी घेऊ नका असं डॉक्टर बजावतात, त्या वयात.

गल्लीच्या टोकाला राहणाऱ्या मावशींना श्रावणबाळ योजनेचे महिन्याला दीड हजार मिळतात. त्या त्याला ‘पगार’ म्हणतात, आणि कामावर असल्यासारख्याच बँकेत खेपा घालतात. या पगाराची अट अशी की कुटुंबाचं वर्षाचं उत्पन्न एकवीस हजारांच्या वर नको. भागाकार केला तर दिवसाला सत्तावन्न-अठ्ठावन्न रुपये येतात. साठ रुपये रोज कमावणारं घर सरकारदरबारी सुखवस्तू.

रकमा वेगळ्या असाव्यात हे मला पटतं. पगार वेगळे होते, कपात वेगळी होती. मास्तरांचं काढून अण्णांना द्या, असंही माझं म्हणणं नाही. मास्तरांनी वर्गात घसा सुकवलाय. पण भाजीवाली मेथीची जुडी देताना कुठली योजना म्हणून विचारत नाही. तिचा भाव तिघांना एकच, मग भाववाढीची भरपाई तेवढी एकालाच का?

अण्णांनी यावर आपल्यापुरता तोडगा काढलाय. ऑगस्ट 2022 पासून पंचाहत्तरीच्या पुढच्यांना एसटी फुकट झाली. तेव्हापासून अण्णा वरचेवर सोलापूरला जातात, काम नसताना. शून्य रुपयाचं तिकीट जपून ठेवतात, वाचलेलं भाडं वहीत मांडतात आणि महिनाअखेरी पेन्शनमध्ये मिळवतात. “ह्यो आमचा महागाई भत्ता.” परवा मास्तरांनाही चला म्हणाले. मास्तर बहात्तरचे, त्यांना अर्धं तिकीट पडतं. भर स्टँडवर त्यांनी ‘हा अन्याय आहे’ म्हणून सुरू केलं, तर अण्णा खिडकीची जागा धरत म्हणाले, “आता काय करता मास्तर, तुमची कॅटेगरीच निराळी हाय.”