पॅकबंद

आमच्या घरात नवी वस्तू वापरायची नसते, ठेवायची असते. आईच्या ट्रंकेतली पैठणी घडीवरच विरली. चिनीमातीचा सेट जावयासाठी राखून ठेवलाय; जावई आता आजोबा झालेत. हात लागला नाही म्हणजे वस्तू नवी, हा आमचा कुळाचार. तो एका बॅटरीनं बुडवला.

भाच्याची मुंज ठरली आणि माझ्या जुन्या डिजिटल कॅमेऱ्याला बॅटरी हवी झाली. घरात एक जादा होती. तुडुंब चार्ज करून, फडक्यात गुंडाळून फ्रिजच्या डोक्यावर उबदार जागी ठेवलेली. ती फुगली होती. गरोदर बाईला जुन्या चोळीत बसवावं तशी मी ती कॅमेऱ्यात बसवून पाहिली, झाकण लागेना.

मग बुधवार पेठ. दहा दुकानांनी कॅमेरा पाहूनच हात जोडले. अकराव्यानं पत्र्याखालच्या माळ्यावर पोऱ्या चढवला आणि धूळ फुंकून एक पाकीट माझ्यापुढे टाकलं. "काका, पॅकबंद! कुणाचा हात नाही लागलेला." प्लास्टिक पिवळं पडलेलं. चष्मा कपाळावर सरकवून, डोळ्याशी धरल्यावर तारीख दिसली : 2016.

"काका, तारीख औषधाची बघायची!"

मुंजीत कॅमेऱ्यानं मातृभोजनापर्यंत चार्जिंगच्या तीनही रेघा दाखवल्या. मी खूश. भिक्षावळ सुरू झाली, बटूनं झोळी पसरली, मावशी लाडू घेऊन वाकली, मी फ्लॅश मारला आणि कॅमेऱ्यानं मान टाकली. पुन्हा चालू केला, तर रेघा तीन! पुन्हा फ्लॅश, पुन्हा अंधार. मावशी तीनदा वाकली. चौथ्यांदा तिची कंबर धरली.

नंतर वाचून काढलं. लिथियम-आयन बॅटरीचं वय कारखान्यातून निघाल्यापासूनच मोजायचं. पाकीट फोडल्यापासून नव्हे. नुसती पडून असली तरी आतली रसायनं एकमेकांशी कुरबुरत राहतात, इलेक्ट्रोडवर थर चढतो, अंतर्गत रोध वाढतो. बसल्या जागी व्होल्टेज झकास. फ्लॅशनं एकदम करंट ओढला की दम लागतो. जिना लागेपर्यंत माझीही तब्येत ठणठणीत असते.

ठेवायचीच तर अर्धपोटी आणि गारव्यात ठेवायची. 40 टक्के भरून 25 अंशांत ठेवलेली बॅटरी वर्षाअखेर साधारण 96 टक्के क्षमता राखते; तुडुंब भरून 40 अंशांत ठेवली तर 65च्या आसपास. पार उपाशी ठेवली तर एक दिवस चार्जरही तिला ओळख दाखवत नाही. हे आमच्या घरात कुणाला पटायचं? आम्ही पाहुण्याला आणि बॅटरीला सारख्याच आग्रहानं वाढतो.

ह्या लिथियम-आयन बॅटरीवरच्या कामासाठी शास्त्रज्ञ जॉन गुडइनफ यांना 2019 साली, आणखी दोघांच्या जोडीनं, नोबेल मिळालं. तेव्हा ते 97 वर्षांचे होते. म्हाताऱ्यानं आपल्यातलं थोडं बॅटरीत उतरवायला काय हरकत होती?

बॅटरी घेऊन मी दुकानात परत गेलो. भांडणाची चार वाक्यं रिक्षात घोकली होती, ती वाया गेली. दुकानदारानं हुज्जत घातलीच नाही. मान वर करून माळ्याकडे ओरडला, "अरे, काकांना जरा आणखी मागचा माल काढ. त्याला तर आपलासुद्धा हात लागलेला नाही!"