खेळाची जात

अनसिंगच्या पारावर बापमंडळींना मोबाइलवरचा कुठलाही खेळ पब्जीच वाटतो. त्या पब्जीवर सरकारनं सप्टेंबर २०२० मध्ये बंदी घातली, २०२१ मध्ये ती बीजीएमआय होऊन परतली; बारसं पारापर्यंत पोचलंच नाही.

पोरगं समजावतं, "बाबा, हे बॅटल रॉयल. शंभर जन विमानातून उड्या मारतेत, रिंगण आवळत जाते, शेवटी एकच उरते."

"म्हंजे ग्रामपंचायतची निवडणूक."

"अन् हे स्किन. पैसे देऊन घ्या लागते. नुसते कपडे, त्यानं ताकद वाढत नाई."

सोयाबीनचा भाव तोंडपाठ असलेला बाप इथं मात्र गप्प होतो.

रमी कोणत्या जातीची, हे तर वरूनच ठरलं. जुलै २०२५ मध्ये विधान परिषदेत कृषिमंत्र्यांच्या मोबाइलवर रमी दिसली. जाहिरात घालवत होतो, असा त्यांचा खुलासा. महिनाअखेरीस त्यांना क्रीडा खातं मिळालं! ऑगस्टमध्ये संसदेनं पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी आणली आणि ई-स्पोर्ट्सला मान्यता दिली. पोरानं तेवढंच अर्धं वाक्य उचललं. आता रात्री अकराला चार्जर मागताना तो "सराव आहे" म्हणतो.