खाज ही वैद्यकीय गरज आहे काय?

मा. मेडिकेअर साहेब,
(अमेरिकेतील वृद्धांच्या व अपंगांच्या सरकारी आरोग्यविम्याचे पालनकर्ते)

सा. न. वि. वि.

आपल्या काटकसरीचे जाहीर अभिनंदन करावे, म्हणून हा पत्रप्रपंच.

संशोधक डीन केमन यांची ‘आयबॉट’ ही चाकांची खुर्ची जिने चढे. दोन चाकांवर तोल सावरून ती बसलेल्याला चारचौघांच्या नजरेच्या उंचीवरही नेई. २००६मध्ये आपण निकाल दिलात : सपाट जमिनीवर चालते तेवढ्यापुरती ती वैद्यकीय साधन, जिना चढणे, तोल सांभाळणे यांचे पैसे मिळणार नाहीत. बरोबरच आहे. पाय गेलेल्याला जिन्याशी काय कर्तव्य? २००९मध्ये खुर्चीचे उत्पादनच थांबले.

बसल्या जागी वर उचलणारी बैठकही आपण कित्येक वर्षे चैनीत काढलीत. मे २०२३मध्ये मात्र आपले मन द्रवले. तरी खुर्चीतून उभे करणाऱ्या यंत्रणेचा निर्णय आपण पुढे ढकललात, हे उत्तम. एकदम सगळे दिले, तर लोक उभे राहायला लागायचे!

आता कॅलिफोर्नियातले हेन्री इव्हान्स पाहा. २००२मध्ये मेंदूच्या झटक्याने त्यांचे हातपाय लुळे पडले, वाचा गेली. पुढे मान हलवून संगणकाद्वारे त्यांनी ‘पीआर-२’ हा रोबो चालवला. साधले काय? स्वतःचा चेहरा खाजवला, दाढी केली. ४,००,००० डॉलरचे यंत्र आणि काम हे! पण त्या प्रयोगांतले संशोधक चार्ली केम्प हटून बसले. २०२०मध्ये त्यांच्या कंपनीने ‘स्ट्रेच’ आणला : चाकांवर एक खांब, त्याला एकच लांबणारा हात, वजन २३ किलो, तेव्हाची किंमत १८,००० डॉलरच्या आत.

साहेब, धोका इथेच आहे. यंत्रांच्या किमती अशाच उतरत गेल्या, तर ‘फार महाग’ ही सबब हातची जाईल. उरेल तो आपला ‘वैद्यकीय गरज’ हा रकाना. तो तसूभरही रुंदावू नका. आज खाजेला मंजुरी दिलीत, की उद्या हवे तेव्हा पाणी प्यायचे, परवा दार उघडायचे अर्ज येतील. कोणी म्हणेल, बायकोला तासभर बाहेर जाता यावे, म्हणून रोबो हवा. ही सारी जगण्याची लक्षणे आहेत आणि आपला विमा फक्त आजारांचा आहे.

कळावे, लोभ आहेच.

आपला,
तूर्त आपल्या हाताने खाजवू शकणारा
एक हितचिंतक