गाडी सावलीत घे, भो!

जळगावात गाडीला काहीही झालं तरी निदान एकच असतं: ऊन. बॅटरी बसली, ऊन. एसी नुसता पंख्यासारखा फिरतोय, ऊन. शेजारी आपली गाडी मागून नेतो, संध्याकाळी बंपर वाकवून आणतो आणि कपाळ पुसत म्हणतो, ‘‘काय ऊन पडून राह्यलं भो!’’ आपणही ‘हो ना’ म्हणून विषय तिथेच मिटवतो.

आमच्या कॉलनीत मी गाडीतला जाणकार समजला जातो. हा लौकिक मी मोठ्या कष्टाने मिळवलाय. त्याची रीत अशी: बोनेट उघडायचं, हात कमरेवर ठेवायचे आणि थोडा वेळ काहीच बोलायचं नाही. मग डिपस्टिक ओढायची, फडक्याने पुसायची, पुन्हा आत घालून बाहेर काढायची आणि उजेडात धरून डोळे बारीक करायचे. डिपस्टिकवर दोन खुणा असतात, तेल त्यांच्या मधोमध असावं, एवढंच त्यात बघायचं असतं. शाळकरी पोरालाही ते कळेल. पण डोळे बारीक करायला वय लागतं. नंतर ‘हं’ म्हणायचं. माझ्या ‘हं’मुळे कॉलनीतल्या काही गाड्या सुरूही झाल्या आहेत, असं ऐकतो. मी कधी खोडून काढलेलं नाही.

माझा दुसरा हुकमी पत्ता टायरचा. टायरच्या अंगावर चार आकडे कोरलेले असतात. ‘२३२२’ असेल तर टायर २०२२ सालच्या तेविसाव्या आठवड्यात बनला. नक्षी कितीही शिल्लक दिसो, सहा-सात वर्षांनी रबर कडक होतं, बारीक तडे जातात आणि आपल्याकडच्या डांबरावर मे महिन्यात त्याचा भरवसा राहत नाही. हे ज्ञान मी लग्नांत वाटतो. पारोळ्याच्या एका लग्नात पंगतीवर वरण-बट्टी फिरत होती आणि मी मांडवाबाहेर इस्त्रीच्या पँटीत उकिडवा बसून मुलाच्या मामांना त्यांच्या टायरची जन्मतारीख वाचून दाखवत होतो. मामांनी टायर बदलले की नाही, माहीत नाही. पुढच्या लग्नात मात्र त्यांनी गाडी मांडवापासून बरीच लांब लावलेली दिसली.

माझ्या या विद्येला धुळ्यात किंमत नाही. तिथे सासरे आहेत. आप्पांनी उभी हयात एसटी चालवली. त्यात धुळ्याचा पासिंग नंबर १८ आणि जळगावचा १९, त्यामुळे आमच्या एक पाऊल पुढे असल्याचं सरकारी प्रमाणपत्र त्यांच्याकडे आहेच. मी आकडे वाचायला लागलो की आप्पा डिकीतली टॉमी काढतात, चारही टायरांवर एकेक टोला घालतात आणि कान देऊन ऐकतात. ‘‘जवाईबापू, टायर वाचानं नही, ठोकीसन देखानं.’’ एवढं बोलून ते टॉमी जागेवर ठेवतात. मागच्या डाव्या टायरात हवा कमी आहे हे त्यांना आवाजावरून कळतं. मला ते कळायला पंक्चरवाला लागतो.

हवेवरून आमचं एकदा चांगलंच जुंपलं होतं. उन्हाळ्यात हवा फुगते, म्हणून टायरात ती कमीच ठेवावी, असं निम्मा खानदेश मानतो. हवा फुगते हे खरं. पण हवा कमी असली की टायरची बाजू प्रत्येक फेऱ्याला जास्त दबते, जास्त तापते आणि फुटायची ती अशीच फुटते. गाडी रात्रभर उभी असताना, टायर गार असताना, ड्रायव्हरच्या दरवाज्याच्या चौकटीवर छापलेला आकडा भरावा आणि धुळ्याला पोहोचल्यावर गरम टायरात चार पॉइंट वाढलेले दिसले तरी वाल्वला हात लावू नये. यावर आप्पांचं आणि माझं एकमत झालं. ते मी सांगितल्यामुळे झालं, असं मी घरी सांगतो. आप्पा काही सांगत नाहीत.

बाकीचे सल्ले आमच्या गाडीच्या मेकॅनिकचे, म्हणजे उस्तादांचे. इंजिनाचा काटा वर गेला की गाडी कडेला घ्या, एसी बंद करा, पण ‘‘गरम में ढक्कन नहीं खोलना, साब.’’ रेडिएटर बंद असतो तोवर आतलं पाणी शंभराच्या वर जाऊनही उकळत नाही. झाकण सैल झालं की दाब सुटतो आणि ते सगळं एकदम तोंडावर येतं. नळाचं पाणी ओतून वेळ मारून नेता येते, पण आपलं पाणी जड, आत क्षार धरतात, म्हणून कूलंट. एसीचा गॅस कुणी दर उन्हाळ्यात ‘भरून’ देत असेल तर गळती कुठे आहे ते आधी विचारा. गॅस पेट्रोलसारखा जळून संपत नाही. आणि पुढची जाळी एकदा पाण्याने धुवा. कापसाच्या हंगामानंतर त्यात वातीला पुरेल एवढा कापूस निघतो.

पण खरं शास्त्र सावलीचं. त्यावर मी बोलायला लागलो की घरातले उठून जातात. वाचकांनी बसावं.

जळगावात गाडी लावणं म्हणजे सकाळी दहा वाजता दुपारी चारची सावली ओळखणं. नवखा माणूस झाडाखाली गाडी लावतो. अनुभवी माणूस झाडापासून दहा पावलं पूर्वेला, रणरणत्या उन्हात लावतो आणि लोक हसतात. दुपार कलते, सावली सरकत येते, आणि चार वाजता नवख्याची गाडी भट्टीत आणि याची गाडी मांडवात असते. बाहेर ४५ अंश असले की बंद काचांच्या आत तासाभरात ६० च्या पुढे जातं. सीटबेल्टचा खटका हाताला चटका देतो आणि ज्यांना तो लावायचा नसतोच त्यांना कारण मिळतं. काचांना काळी फिल्म होती तेव्हा जरा सुसह्य होतं, २०१२ साली सुप्रीम कोर्टाने ती काढायला लावली. तेव्हापासून खिडकीत टॉवेल, उपरणं, लग्नात आहेर आलेली टोपी, जे मिळेल ते अडकवलेलं दिसतं.

मेच्या शेवटच्या आठवड्यात तर शास्त्रही हात टेकतं. जळगाव २१ अंश अक्षांशावर, तेव्हा सूर्य भर दुपारी नेमका डोक्यावर येतो आणि शून्य सावलीचा दिवस होतो. विजेच्या खांबाची सावली खांबाच्याच पायात लपते. त्या दिवशी गोलाणी मार्केटच्या आसपास शाळेचे विद्यार्थी काठी रोवून टाळ्या वाजवताना दिसले तर त्यांच्या गाड्या नाहीत, एवढंच समजावं.

झाडाझाडांतही प्रतवारी आहे. कडुनिंब सर्वांत उत्तम. चिंच दाट, पण तिची बारीक पानं काचेखालच्या जाळीत शिरतात, पाणी जायची भोकं बुजतात आणि पहिल्या पावसात ड्रायव्हरच्या पायाशी तळं साचतं. आंब्याचा चिकटा. वड-पिंपळाखाली पाखरं, त्यांची शीट तापलेल्या टपावर दुपारभर राहिली की रंगात डाग कायमचा. गुलमोहर दिसायला देखणा, पण मेमध्ये सावली विरळ, आणि वळवाच्या वादळात फांदी कडाडून खाली येते ती बहुधा कर्जाचे हप्ते चालू असलेल्या गाडीवरच.

आमच्या ऑफिसजवळ असा एक उत्तम कडुनिंब आहे. त्याच्या बुंध्याशी एक चप्पल सांधणारे बाबा बसतात. ऐरण, दाभण, पाण्याची कुंडी आणि उलटी टांगलेली काळी पिशवी. मी माझं सावलीचं गणित करून तिथे गाडी घातली की बाबा पोतं ओढून थोडं सरकायचे. जागा अगदी बरोबर साधल्याच्या आनंदात मी गाडीकडे वळून वळून बघत जायचो. एकदा त्यांनी हात केला. वाटलं, भांडणार. म्हणाले, ‘‘साहेब, हातभर पुढे घ्या. झाडाची तुम्हाला राहील, गाडीची मला.’’

मी हातभर पुढे घेतली. बंद केलेल्या इंजिनाची धग बंपरखालून त्यांच्या मांडीपर्यंत येत होती, हे मला गाडीतून उतरल्यावर कळलं. ते काही बोलले नाहीत, दाभण चालू होतं. गाडी मी तिथून काढली, दुसऱ्या दिवशी पुन्हा मोह झाला, आणि हे असं अजूनही चालू आहे. त्यावर डोळे बारीक करून ‘हं’ म्हणता येत नाही.

राग खरा येतो तो हायवेवर. जुना सहा नंबर, आता त्रेपन्न म्हणायचं. एरंडोल-पारोळा पट्ट्यात कडेला निंब-चिंचा होत्या, त्यांच्या बुंध्यांना पांढरे-तांबडे पट्टे मारलेले असत. गाडी तापली की तिथे थांबायचं, कलिंगड फोडायचं, बोनेट उघडं टाकायचं. वर्षानुवर्षं रेंगाळत चौपदरीकरण झालं आणि झाडं गेली. धुळ्याला आता लवकर पोहोचतो, मला ते आवडतंही. पण ऐन दुपारी काटा वर गेला तर गाडी कडेला घ्यायची ती कशाखाली? दुभाजकात कण्हेर लावलीय. कण्हेरीच्या सावलीत बकरीसुद्धा बसत नाही.

आमच्या गल्लीत एकच निंब उरलाय आणि त्याच्याखालची जागा माझी, असं मी दर उन्हाळ्यात न बोलता जाहीर करतो. समोरचे पाटील सर पहाटे फिरायला जातात ते परत येताना जागा रिकामी आहे का बघायलाच, अशी माझी खात्री आहे. यंदा मी त्यांना एकदाही संधी दिली नाही. गाडी महिनाभर हलवलीच नाही, किराणा चालत जाऊन आणला. सौ. म्हणाली, ‘‘अहो, गाडी सावलीत ठेवायला घेतलीय की बसायला?’’

मग लग्नाला निघायचं म्हणून चावी फिरवली, तर काही नाही. बॅटरी म्हटली तर दिवे लागत होते. उस्ताद आले. त्यांनी बोनेट उघडलं, मी शेजारी कमरेवर हात ठेवून उभा राहिलो. त्यांनी हात खाली घालून निंबाची वाळकी पानं काढली, मग कापूस, मग आमच्याच दारातल्या पायपुसण्याचा एक तुकडा, आणि शेवटी कुरतडलेली वायर. उंदराने इंजिनाच्या कडेला ऐसपैस घर थाटलं होतं.

‘‘याला उपाय काय?’’ मी विचारलं.

‘‘साब, ठंडी जगा देखके आता है चूहा. अंधेरा, छाँव, गाडी हिलती नहीं, उसको और क्या चाहिए? धूप में लगाओ.’’

गाडी उन्हात ढकलेपर्यंत पाटील सरांनी त्यांची सुरू केलेली होती.