सहलीला सही, प्रार्थनेला नाही

वेळणेश्वरला शाळेची सहल निघायची ठरली की घरी आधी पालक संमतीपत्र येतं. पाल्य पाण्यात शिरला, वाळूत पाय मुरगळला, एसटीत उलटी झाली, तर जबाबदारी आमची. सही करून शुक्रवारपर्यंत पाठवा. तिथे देऊळ आणि समुद्र शेजारी शेजारी, त्यामुळे कार्यक्रमात आधी दर्शन, मग लाटा. सही मात्र लाटांपुरती.

आणि रोज सकाळी परिपाठाला हात जोडून, डोळे मिटून उभं करतात, त्याचं संमतीपत्र कुठल्याच दप्तरातून आलेलं ऐकिवात नाही. गंमत अशी की संविधानाला सही हवी आहे ती नेमकी इथेच. कलम 28 पाहा. पूर्णपणे सरकारी पैशावर चालणाऱ्या शाळेत धार्मिक शिक्षण नाहीच. आणि मान्यताप्राप्त किंवा अनुदानित शाळेत मुलाला उपासनेला हजर राहायला लावायचं, तर पालकांची संमती लागते.

1948 च्या डिसेंबरात संविधान सभेत या तरतुदीवर उत्तर द्यायला उभे राहिलेले बाबासाहेब मूळचे मंडणगड तालुक्यातल्या आंबडव्याचे. आणि मराठी शाळांची आवडती प्रार्थना लिहिणारे साने गुरुजी दापोली तालुक्यातल्या पालगडचे. कलम आमच्या रत्नागिरी जिल्ह्याचं, प्रार्थनाही आमचीच! त्यातली प्रार्थना पाठ झाली, कलम ऑप्शनला टाकलं.

गुरुजींच्या प्रार्थनेत देव आहे, पण त्याचा पत्ता दिलेला नाही. पत्ता लागतो तो नंतरच्या श्लोकांत, आरतीत, दसऱ्याला पाटीवर काढलेल्या एकाच्या आकड्यांच्या सरस्वतीत. (मला ती सरस्वती फार आवडते. पण माझी आवड म्हणजे शेजाऱ्याची संमती नव्हे.) विचारायला जावं तर उत्तर तयार असतं: हा धर्म नव्हे हो, संस्कार!

हेच संस्कार दुसऱ्याच्या घरचे निघाले की त्यांचं धर्मांतर होतं. 2023 च्या जुलैत तळेगाव दाभाड्यात, मुलांकडून ख्रिस्ती प्रार्थना म्हणवून घेतात असा आरोप करत जमावाने एका शाळेच्या मुख्याध्यापकांना मारहाण केली. आता पालकांना न विचारता प्रार्थना कशी, हा प्रश्न अगदी रास्त. कलम 28 चाच तो. फक्त तो मुख्याध्यापकांच्या अंगावर धावून जाऊन विचारायचा असतो, असं त्या कलमात कुठे म्हटलेलं नाही. आणि आपल्या गल्लीतल्या शाळेत तो विचारायचाच नसतो, असंही नाही.

विचारणारा एक नाशिकमध्ये निघाला. अनुदानित शाळेतला शिक्षक, प्रार्थनेला उभा राहायचा, पण हात जोडायचा नाही. तेवढ्यावरून त्याची वेतनश्रेणी अडली. अखेर 2013 साली मुंबई उच्च न्यायालयाला सांगावं लागलं की हात जोडण्याची सक्ती करता येणार नाही. शिक्षकाला न्यायालय गाठता आलं. चौथीतल्या पोराने कुठे जायचं?

अमेरिकेत न्यूयॉर्कच्या शाळांतली प्रार्थना अवघ्या 22 शब्दांची होती. न म्हणण्याची मुभाही होती. तरी 1962 साली तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने ती बंद केली. आपलं संविधान इतकं कडक नाही. ते म्हणतं, विचारा तरी.

तर सहलीच्याच कागदावर आणखी एक ओळ छापा: पाल्याने प्रार्थनेला हात जोडावेत / नुसतं उभं राहावं / वर्गात बसावं, नको ते खोडा. छापतीलही. फक्त त्या ओळीच्या वर पहिला रकाना असेल: धर्म, जात, पोटजात, सोबत दाखल्याची झेरॉक्स जोडणे.