गणपतीच्या आधी

मुंबई-गोवा महामार्गाच्या चौपदरीकरणाला २०११ मध्ये पनवेल-इंदापूर टप्प्यापासून हात लागला. त्या वर्षी पहिलीत बसलेलं पोर एव्हाना सिव्हिल इंजिनीअर व्हायला आलं असेल. कुणी सांगावं, पहिली नोकरी याच साइटवर लागायची.

काम का रखडलं, हे काही गुपित नाही. जमीन पुरती ताब्यात नसताना कंत्राट दिलं. कर्नाळा अभयारण्यापाशी परवानगी अडली. कंत्राटदाराचे पैसे आटले. मग नवा कंत्राटदार, नवी मुदत, नवी पाहणी. मुदती कितीही बदलल्या तरी त्यांचं कूळ एकच: ‘गणपतीच्या आधी’. श्रावण लागला की दौरा निघतो. मंत्री गाडीतून उतरतात, खड्ड्याकडे रोखून बघतात आणि कॅमेऱ्यासमोर अधिकाऱ्याला झापतात. चार दिवसांनी त्या खड्ड्यात खडी आणि पेव्हर ब्लॉक पडतात. चतुर्थीच्या आदल्या रात्री एक जोरदार सर आली की खडी सर्व्हिस रोडवर पांगते आणि ब्लॉक कोपरे वर करून टायरची वाट बघत बसतात. हा प्रयोग दर वर्षी होतो, निकालही दर वर्षी तोच लागतो, आणि पुढच्या वर्षी निविदाही त्याच कामाची.

‘कोकणात पाऊस फार, डोंगर ठिसूळ, दरडी कोसळतात,’ हे ठेवणीतलं उत्तर. खरंच आहे ते. पण त्याच डोंगरांतून कोकण रेल्वेही गेली. महामंडळ १९९० चं, आणि रोह्यापासून मंगळूरपर्यंतचा सुमारे ७४० किलोमीटरचा मार्ग जानेवारी १९९८ मध्ये पुरा झाला. नव्वदहून अधिक बोगदे खणून! ती बांधून घेणाऱ्या ई. श्रीधरन यांच्यासाठी वरुणराजाने वेगळा पाऊस काढून ठेवला होता, असं कुठे वाचनात नाही.

रेल्वेही पहिल्या दिवसापासून शहाणी नव्हती. २२ जून २००३ ला वैभववाडीजवळ दरडीने गाडी घसरली, पन्नासच्या आसपास माणसं गेली. वर्षही उलटलं नव्हतं तोच करंजाडीजवळ मत्स्यगंधा एक्सप्रेसला तसाच अपघात झाला. शहाणपण पहिल्याच अपघाताला यायला हवं होतं. दुसऱ्यानंतर मात्र ते नीट मुरलं. डोंगरउतार कापून सौम्य केले, दगड अडवायला जाळ्या ठोकल्या, पावसात रुळांवर गस्त वाढवली, गाड्यांचे वेग उतरवले. पावसाळी वेळापत्रकाच्या नावाने आपण दर जूनमध्ये बोटं मोडतो. पण गाडी तासभर उशिरा का पोचते, याचं उत्तर त्या दोन अपघातांत आहे. रेल्वेने अनुभव छापून प्रवाशाच्या हातात दिला. रस्त्याचा अनुभव प्रवाशाच्या मणक्यात जमा होतो.

बरं, रेल्वे परकी म्हणून सोडून देऊ. महामार्गाला स्वतःच्या घरचाही धडा आहे. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळ सावित्रीवरचा ब्रिटिशकालीन पूल एसटीच्या दोन गाड्यांसह पुरात गेला. नवा पूल बांधायला लागले १६५ दिवस. जून २०१७ मध्ये त्यावरून वाहतूक सुरूही झाली. नदी तीच, पाऊस तोच, खातंही हेच. फरक एवढाच की तेव्हा साऱ्या देशाचं लक्ष होतं आणि मंत्र्यांनी जाहीर मुदत देऊन स्वतःची मान अडकवून घेतली होती.

त्या १६५ दिवसांत कोणती सही किती तासांत झाली, कुठला कागद कुणाच्या टेबलावरून उचलला गेला, ही फाइल काढून माणगाव बायपासच्या टेबलावर ठेवायला काय हरकत होती? सावित्रीपासून माणगाव तासाभराच्या आत. म्हणजे गर्दी नसेल तर. २०२५ उजाडलं तरी बायपास अर्धवट आणि सगळी वाहतूक बाजारपेठेतून. एका बाजूला एसटी, दुसऱ्या बाजूला भाजीवाला, मधे गोव्याला निघालेली चकाचक गाडी. हॉर्नचा आवाज मात्र सर्वांचा सारखाच. याच महामार्गावर चिपळूणला बहादूरशेख नाक्यावर ऑक्टोबर २०२३ मध्ये बांधकाम चालू असतानाच उड्डाणपूल कोसळला. चौकशी झाली. आपल्याकडे चौकशी होते, अहवालही येतो. पुढच्या कामाच्या साहेबाने तो वाचलाच पाहिजे असा जीआर तेवढा निघत नाही.

राज्याला शिकता येत नाही, असंही नाही. समृद्धी महामार्गाच्या वेळी जमीनमालकांशी थेट व्यवहार करून आधी जागा हाती घेतल्या, आणि ७०१ किलोमीटर २०२५ मध्ये पूर्ण झाले. जमिनीचा धडा घेतला, पण विदर्भाच्या दिशेने. दक्षिणेकडे वळायला त्याला बहुधा डायव्हर्जन सापडलं नसावं.

शेवटी महामार्गावर तोडगा काढला तो रेल्वेनेच. १९९९ पासून मालट्रक वाघिणीवर चढवून नेणाऱ्या कोकण रेल्वेने २०२५ च्या गणपतीत मोटारींसाठीही रो-रो गाडी काढली. भाडं एका मोटारीला ७,८७५ रुपये, सुटणार कोलाडहून, उतरवणार गोव्यात वेर्ण्याला. गाडीत बसल्या बसल्या खड्डे चुकवा! फक्त दुपारी दोनपर्यंत मोटार घेऊन कोलाडला हजर राहायचं. मुंबईकराने कोलाडला यायचं ते अर्थात पनवेल-इंदापूर टप्प्यावरून.